डिफेनेस्ट्रेट : खिडकीतून फेकून देणारं क्रियापद

इंग्रजीत ‘डिफेनेस्ट्रेट’ नावाचं एक क्रियापद आहे. त्याचा अर्थ एका ओळीत सांगता येतो: एखाद्या माणसाला किंवा वस्तूला खिडकीतून बाहेर फेकणं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हमखास प्रश्न पडतो की इतक्या नेमक्या कृतीला वेगळं क्रियापद कशाला हवं? दारातून ढकलून देण्याला इंग्रजीत एकच असा शब्द नाही. छपरावरून किंवा जिन्यावरून ढकलण्यालाही नाही. मग खिडकीचंच एवढं कौतुक का?

कारण हा शब्द गरजेतून जन्मलेला नाही. तो एका शहरात, एका विशिष्ट दिवशी घडलेल्या घटनेला चिकटून आला, आणि ती घटना युरोपच्या इतिहासातल्या फार मोठ्या युद्धाच्या तोंडाशी उभी आहे. शब्दकोशात नुसता अर्थ वाचला तर हे क्रियापद गमतीचं वाटतं. घटना कळली की ते कुठे वापरायचं, कुठे नाही, आणि आज ते राजकारणाच्या बातम्यांत का दिसतं, हे सगळं आपोआप उलगडत जातं.

आधी शब्दाची फोड करू. ‘फेनेस्ट्रा’ म्हणजे लॅटिन भाषेत खिडकी. युरोपातल्या बऱ्याच भाषांच्या घरात हा शब्द अजून नांदतो आहे: फ्रेंचमधला ‘फनेत्र’, इटालियनमधला ‘फिनेस्त्रा’, जर्मनमधला ‘फेन्स्टर’, स्वीडिशमधला ‘फन्स्टर’. लॅटिनमध्ये तो कुठून आला याचा माग पुरता लागत नाही. रोमच्या शेजारी राहणाऱ्या एट्रस्कन लोकांकडून आला असावा, असा अभ्यासकांचा कयास आहे. इंग्रजीतही मध्ययुगात ‘फेनेस्टर’ हा शब्द चालत होता, पण त्याच्या बरोबरीने आलेला ‘विंडो’ शेवटी टिकला. हा ‘विंडो’ उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतला. त्याचा मूळ अर्थ ‘वाऱ्याचा डोळा’. इथे संस्कृतातून मराठीत आलेले दोन शब्द आठवल्यावाचून राहत नाहीत: गवाक्ष म्हणजे गाईचा किंवा बैलाचा डोळा आणि वातायन म्हणजे वाऱ्याची वाट. एकमेकांचं तोंड न पाहिलेल्या भाषांनी भिंतीतल्या त्या भोकाकडे पाहिलं आणि दोघींना डोळा आणि वारा याच दोन गोष्टी सुचल्या, याचं मला फार अप्रूप वाटतं.

‘विंडो’ने जागा घेतली तरी ‘फेनेस्ट्रा’ इंग्रजीतून पार गेला नाही. तो विद्वानांच्या कप्प्यात जाऊन बसला. इमारतीत खिडक्यांची मांडणी कशी आहे, याला वास्तुशास्त्रात आजही ‘फेनेस्ट्रेशन’ म्हणतात. शरीरशास्त्रात आतल्या कानाच्या हाडात दोन लहान झरोके असतात, त्यांच्या लॅटिन नावात ‘फेनेस्ट्रा’ आहे. मॉन्स्टेरा या शोभेच्या वेलीच्या पानांना पडणाऱ्या नैसर्गिक भोकांनाही वनस्पतिशास्त्रात हाच शब्द आहे.

आता राहिला सुरुवातीचा ‘डी’. गोंधळ होतो तो इथेच. इंग्रजीत ‘डी’ लावला की बहुतेकदा ‘काढून टाकणं’ असा अर्थ होतो. ‘डीफॉरेस्ट’ म्हणजे जंगल काढून टाकणं, ‘डीफ्रॉस्ट’ म्हणजे गोठलेपण घालवणं. त्या हिशेबाने ‘डिफेनेस्ट्रेट’ म्हणजे घराच्या खिडक्या काढून टाकणं असं व्हायला हवं. तर्काला धरून असलं तरी ते चूक आहे. लॅटिनमधल्या ‘डे’चा जुना अर्थ ‘पासून दूर’, ‘वरून खाली’ असा होता. ‘डीथ्रोन’ म्हणताना कुणी सिंहासन मोडत नाही, माणसाला सिंहासनावरून खाली ओढतात. ‘डीरेल’ म्हणजे रूळ उखडणं नव्हे, गाडी रुळांवरून घसरणं. ‘डिफेनेस्ट्रेट’ या दुसऱ्या कुळातला आहे. खिडकी जागच्या जागी राहते, माणूस तिच्यातून खाली जातो.

उच्चार ‘डी-फेनिस्-ट्रेट’ असा, जोर ‘फे’वर. नाम ‘डिफेनेस्ट्रेशन’. हे नाम आणि क्रियापद यांच्या वयात सुमारे तीनशे वर्षांचं अंतर आहे, पण त्याकडे नंतर येऊ. आधी ज्या खिडकीमुळे हे सगळं झालं तिच्यापाशी जाऊ.

23 मे 1618, प्रागचा किल्ला

प्राग ही तेव्हा बोहेमियाच्या राज्याची राजधानी होती. आज तो भाग चेक प्रजासत्ताकात येतो. राज्य हॅब्सबर्ग घराण्याच्या ताब्यात होतं. हे घराणं कट्टर कॅथलिक आणि बोहेमियातले बरेचसे सरदार प्रोटेस्टंट. 1609 मध्ये सम्राट दुसरा रुडॉल्फ याने एक सनद देऊन बोहेमियातल्या प्रोटेस्टंटांना आपल्या पंथाप्रमाणे उपासना करायची मुभा दिली होती. काही वर्षं कसंबसं निभावलं. मग दोन ठिकाणच्या चर्चवरून वाद पेटला. ब्रौमोव्हमधलं प्रोटेस्टंट चर्च बंद करण्याचा आदेश निघाला आणि ह्रोबमधलं तर पाडून टाकलं गेलं. प्रोटेस्टंटांच्या मते ही सनदेची उघड पायमल्ली होती. चर्च उभारलेली जमीन सनदेच्या कक्षेत येतच नाही, असं कॅथलिकांचं म्हणणं. त्यात 1617 मध्ये फर्डिनांड हा बोहेमियाचा राजा झाला. आपल्या ताब्यातल्या ऑस्ट्रियाच्या मुलखातून त्याने प्रोटेस्टंटांना कसं हुसकावलं होतं हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे भीती आणखी वाढली.

प्रोटेस्टंट सरदारांनी सभा बोलावून, रुडॉल्फनंतर आलेल्या सम्राट मथायसकडे तक्रार केली. व्हिएन्नाहून उत्तर आलं ते धमकीवजा. सभा भरवू नका, असा त्याचा सूर होता. सरदारांना संशय आला की या पत्राचा मसुदा प्रागमध्येच, सम्राटाच्या वतीने कारभार पाहणाऱ्या मंडळींनी केला असावा. 23 मे रोजी सकाळी ते जमावाने किल्ल्यात शिरले आणि राजवाड्यातल्या कचेरीत गेले. आघाडीवर होता काउंट थुर्न.

कचेरीत त्या वेळी चार कारभारी हजर होते. सरदारांचा प्रश्न एकच होता: हे पत्र लिहिण्यात तुमचा हात होता की नाही? कारभाऱ्यांनी विचाराला वेळ मागितला. आपल्या बाकीच्या सहकाऱ्यांशी बोलून सांगतो, म्हणाले. वेळ मिळाला नाही. चारांपैकी दोघे मवाळ समजले जात होते. त्यांना हाताला धरून शेजारच्या दालनात नेलं. उरले विल्येम स्लावाता आणि यारोस्लाव मार्तिनीत्स. सनदेचे शत्रू म्हणून यांच्यावर सरदारांचा राग आधीपासूनच होता.

पहिल्यांदा मार्तिनीत्सला उचललं आणि खिडकीतून सोडून दिलं. मग स्लावाता. तो खिडकीच्या कडेला धरून लोंबकळत राहिला. वरून कुणीतरी खंजिराच्या मुठीने त्याची बोटं ठेचली, तेव्हा त्याचा हात सुटला. शेवटी त्यांचा चिटणीस फिलिप फाब्रिसियस यालाही पाठोपाठ टाकलं. पत्राशी या बिचाऱ्याचा काय संबंध होता, याची विचारपूसही कुणी केली नसावी.

खिडकीपासून खालच्या खंदकापर्यंतची उंची सुमारे 70 फूट सांगतात. तरी तिघेही वाचले.

स्लावाताच्या डोक्याला बरीच इजा झाली, पण तोही जगला. कॅथलिकांनी लगेच सांगायला सुरुवात केली की पडताना दोघांनी मेरीमातेचा धावा केला आणि तिने आपला पदर पसरून त्यांना झेललं. पुढे तशी चित्रंही काढली गेली. प्रोटेस्टंटांच्या बाजूने सांगितलं गेलं की खाली उकिरडा होता आणि ते शेणात पडले. उकिरड्याची गोष्ट आजही प्रवाशांना रंगवून सांगितली जाते, पण ती नंतर जोडली गेली असावी असं बऱ्याच इतिहासकारांना वाटतं. त्यांचं स्पष्टीकरण साधं आहे: भिंत तळाशी उतरती होती, त्या काळचे झगे जाडजूड होते, आणि चिंचोळ्या खिडकीतून धडपडणाऱ्या माणसाला ढकलताना फारसा जोर मिळत नाही, त्यामुळे ते भिंतीला घासत खाली आले. मला हे पटतं, पण त्या काळच्या माणसाला काय वाटलं असेल याचाही विचार केला पाहिजे. इतक्या उंचावरून तीन माणसं पडतात आणि तिन्ही जिवंत राहतात, तेव्हा भिंतीचा उतार मोजायचं कुणाला सुचणार? चमत्काराची गोष्ट पसरायला तेवढं पुरेसं होतं.

पुढचा तपशील मला फार बोलका वाटतो. फाब्रिसियस तडक व्हिएन्नाला जाऊन सम्राटाला खबर देता झाला. सम्राटाच्या दरबाराने नंतर त्याला सरदारकी दिली आणि किताब बहाल केला ‘फॉन होहेनफाल’. त्याचा शब्दशः अर्थ ‘उंचावरून पडलेला’. पिढ्यान्पिढ्या मिरवायला हे आडनाव.

खिडकीतून फेकणाऱ्यांची गत मात्र वाईट झाली. बोहेमियाच्या सरदारांनी फर्डिनांडला झुगारून 1619 मध्ये जर्मनीतल्या पॅलाटिनेटच्या फ्रेडरिकला राजा केलं. 8 नोव्हेंबर 1620 रोजी प्रागजवळच्या ‘पांढऱ्या टेकडी’च्या लढाईत त्यांचं सैन्य काही तासांत मोडलं. नवा राजा पळाला. त्याचं राज्य जेमतेम एक हिवाळा टिकलं म्हणून लोक त्याला ‘हिवाळ्याचा राजा’ म्हणू लागले. 21 जून 1621 रोजी प्रागच्या जुन्या चौकात बंडाच्या 27 पुढाऱ्यांना मृत्युदंड दिला गेला. थुर्न निसटला. बोहेमियातली ठिणगी विझली, पण तोवर वणवा पसरला होता. डेन्मार्क, स्वीडन, फ्रान्स, स्पेन एकेक करत उतरले आणि मध्य युरोप 1648 पर्यंत जळत राहिला. हेच ते तीस वर्षांचं युद्ध. लढाई, उपासमार आणि रोगराई यांत लाखो माणसं गेली, जर्मनीतले काही प्रदेश निम्म्याने ओस पडले.

आणि ज्यांना मरणासाठी खिडकीबाहेर लोटलं होतं ते दोघे? मार्तिनीत्स 1649 मध्ये वारला, स्लावाता 1652 मध्ये. त्यांच्या पडण्यापासून सुरू झालेलं युद्ध संपलेलं दोघांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं. स्लावाता तर पुढे बोहेमियाचा सर्वोच्च चॅन्सलर झाला.

खिडकीच का?

सरदारांजवळ तलवारी होत्या, खंजीर होते. मारायचंच होतं तर खिडकीची गरज नव्हती. ती निवडली गेली कारण प्रागमध्ये तिला जुनी परंपरा होती.

30 जुलै 1419. धर्मसुधारक यान हुस याला जिवंत जाळून चार वर्षं झाली होती आणि त्याचे अनुयायी खवळलेले होते. यान झेलिव्स्की नावाच्या धर्मोपदेशकाने त्यांची मिरवणूक प्रागच्या ‘नव्या शहरा’च्या नगरभवनावर नेली. मागणी होती कैदेतल्या सोबत्यांना सोडण्याची. बोलणी फिसकटली. वरून मिरवणुकीवर दगड आला असंही सांगतात. जमाव आत घुसला आणि नगरशासकांना खिडक्यांतून खाली फेकलं. खाली हत्यारबंद माणसं उभी होती, त्यामुळे इथे चमत्कार झाला नाही. बातमी ऐकून राजा वेन्सेस्लास संतापाने आजारी पडला आणि पुढच्या काही आठवड्यांतच गेला. त्यानंतर हुसपंथीयांची युद्धं पेटली ती पुढची 15 वर्षं चालली.

1483 मध्येही प्रागमध्ये असाच उठाव झाला आणि पुन्हा खिडक्यांचा वापर झाला. त्याची चर्चा कमी होते. बहुधा त्याच्या मागून युद्ध आलं नाही म्हणून. उलट 1485 मध्ये कुत्ना होरा इथे कॅथलिक आणि हुसपंथीय यांच्यात तह होऊन बोहेमियात बराच काळ धार्मिक शांतता नांदली.

तेव्हा 1618 च्या सरदारांना आपण काय करतो आहोत हे पक्कं माहीत होतं. नंतर आपली बाजू मांडताना त्यांनी जुन्या रिवाजाचा हवाला दिला, बायबलमधल्या ईझेबेल राणीचं उदाहरण दिलं. तिला तिच्याच सेवकांनी महालाच्या खिडकीतून खाली टाकलं होतं. देशद्रोह्यांना कड्यावरून लोटण्याची रोमन लोकांची पद्धतही त्यांनी पुढे केली. आपल्याकडचा ‘कडेलोट’ हा शब्द ज्या शिक्षेतून आला, तीच ही कल्पना.

आणि या शिक्षेत एक अर्थ दडलेला आहे. कारभार बंद दाराआड चालतो. निर्णय वरच्या मजल्यावर होतात आणि त्यांची झळ खालच्या रस्त्याला बसते. वर बसलेल्याला खिडकीतून खाली आणणं म्हणजे एका क्षणात त्याला त्याच्या उंचीवरून आणि अधिकारावरून उतरवणं, तेही सगळ्यांच्या देखत. म्हणूनच या शब्दाच्या इतिहासात फेकला गेलेला माणूस जवळजवळ नेहमी सत्तेतला असतो. 1 डिसेंबर 1640 रोजी लिस्बनमध्ये बंडवाल्यांनी स्पेनच्या राजवटीचा सचिव मिगेल द व्हास्कोन्सेलोस याला कपाटातून शोधून काढलं, मारलं आणि प्रेत राजवाड्याच्या खिडकीतून खाली चौकात टाकलं. त्याच दिवशी पोर्तुगाल स्पेनपासून वेगळा झाल्याची घोषणा झाली. राजवट संपली हे लोकांना सांगायला ते प्रेत पुरेसं होतं.

इथे एक मर्यादा सांगायला हवी. 1562 मध्ये अकबराने आपल्या दाईचा मुलगा अधम खान याला आग्र्याच्या किल्ल्यात वरून खाली फेकायला लावलं, आणि एकदा फेकून जीव गेला नाही तेव्हा पुन्हा वर आणून फेकायला लावलं. ‘डिफेनेस्ट्रेशन’च्या याद्यांत ही घटनाही कधी कधी घुसवतात. पण ती गच्ची होती. काटेकोरपणे पाहिलं तर खिडकी नाही तर डिफेनेस्ट्रेशन नाही.

प्रागच्या यादीत आणखी एक नाव आहे, आणि ते सगळ्यांत अस्वस्थ करणारं आहे. यान मासारिक हा चेकोस्लोव्हाकियाचा परराष्ट्रमंत्री, देशाचे पहिले अध्यक्ष तोमाश मासारिक यांचा मुलगा. फेब्रुवारी 1948 मध्ये कम्युनिस्टांनी सत्ता ताब्यात घेतली. मासारिक मंत्रिमंडळात राहिला. 10 मार्चच्या पहाटे परराष्ट्र खात्याच्या चेर्निन राजवाड्याच्या अंगणात, न्हाणीघराच्या खिडकीखाली, त्याचं प्रेत सापडलं. अंगावर रात्रीचे कपडे होते. सरकारने आत्महत्या म्हणून जाहीर केलं. कम्युनिस्ट राजवट गेल्यानंतर, या शतकाच्या सुरुवातीला, चेक पोलिसांनी तपास करून हा खून असल्याचा निष्कर्ष काढला. 2019 मध्ये प्रकरण पुन्हा उघडलं आणि 2021 मध्ये, पुरेसा पुरावा नाही म्हणून, निकालाविना बंद झालं. चेक लोक याला ‘प्रागचं तिसरं डिफेनेस्ट्रेशन’ म्हणतात (1483 चं सहसा मोजत नाहीत). तसं म्हणण्यातच आरोप आला, कारण या शब्दाला कर्ता लागतो. कुणीतरी फेकल्याशिवाय कुणी ‘डिफेनेस्ट्रेट’ होत नाही.

नाम आधी, क्रियापद मागून

1618 ची बातमी युरोपभर गेली तेव्हा विद्वानांची सामाईक भाषा लॅटिन होती. त्यामुळे घटनेला लॅटिन धर्तीचं नाव पडलं, आणि इंग्रजीत ‘डिफेनेस्ट्रेशन’ 1620 च्या सुमारास आलेलं दिसतं. जर्मनांनी मात्र आपल्याच भाषेतला सरळ शब्द घेतला, ‘फेन्स्टरस्टुर्त्स’, म्हणजे खिडकीतून पडणं. बराच काळ इंग्रजीत हे नाम विशेषनामासारखंच राहिलं. ‘प्रागचं डिफेनेस्ट्रेशन’ एवढ्यापुरतं, इतिहासाच्या पुस्तकात.

क्रियापद आलं विसाव्या शतकात, आणि आलं ते उलट्या वाटेने. एरवी आधी क्रियापद असतं, मग त्याला प्रत्यय लागून नाम बनतं. इथे लांबलचक नामाचं शेपूट कापून क्रियापद काढलं. इंग्रजीत हे बऱ्याचदा घडतं. ‘एडिटर’ आधी आला, ‘एडिट’ नंतर. ‘टेलिव्हिजन’ आधी, मग ‘टेलिव्हाइज’. ‘बेबीसिटर’ आधी, मग ‘बेबीसिट’. भाषेला नाम सापडलं की ती त्यातून क्रिया पिळून काढतेच.

या उलट्या जन्मामुळे क्रियापदाला एक खास सूर आला. कृती रासवट, हातघाईची, आणि शब्द मात्र लॅटिन, लांब, झुलीसारखा. या विसंगतीमुळेच इंग्रजी बोलणाऱ्यांना तो मजेदार वाटतो, आणि आज त्याचा शब्दशः वापर बहुतेक वेळा वस्तूंच्या बाबतीत आणि अतिशयोक्तीने होतो. ‘आय वॉज रेडी टू डिफेनेस्ट्रेट द प्रिंटर’ असं कुणी म्हणालं तर प्रिंटर सुखरूप असतो, माणूस वैतागलेला असतो. विंडोज ही संगणकप्रणाली आल्यावर प्रोग्रामर मंडळींना आयतीच कोटी मिळाली. संगणकावरून विंडोज काढून लिनक्स ही दुसरी प्रणाली टाकण्याला ते ‘डिफेनेस्ट्रेट’ म्हणू लागले. गंमत अशी की इथे ‘डी’चा अर्थ पुन्हा ‘काढून टाकणं’ असा झाला. वर ज्याला चूक म्हटलं होतं तो अर्थ या एका कोपऱ्यात बरोबर ठरतो.

सगळ्यांत उपयोगाचा आहे तो लाक्षणिक अर्थ: सत्तेच्या किंवा अधिकाराच्या जागेवरून एखाद्याला अचानक, जबरदस्तीने काढणं. ‘द पार्टी डिफेनेस्ट्रेटेड इट्स लीडर’ म्हणजे पक्षाने आपल्या नेत्याला फेकून दिलं. इथे कुणी खिडकीत उभं नसतं, पण 1618 च्या दालनातल्या सगळ्या खुणा शाबूत असतात: माणूस वरच्या जागेवरचा, काढणारे बहुधा त्याच दालनातले, विचाराला वेळ नाही, आणि पडणं सगळ्यांच्या देखत. निवृत्त झालेल्या, मुदत संपलेल्या किंवा निवडणुकीत रीतसर हरलेल्या नेत्याला हे क्रियापद लावू नये. पक्षाच्या बैठकीत रातोरात बहुमत फिरवून काढलं तर खुशाल लावावं.

स्पॅनिश आणि इटालियनमध्ये हा अर्थ रोजच्या वर्तमानपत्रातला आहे. तिथे ‘डेफेनेस्ट्रार’, ‘डेफेनेस्ट्रारे’ म्हटलं की वाचकाला आधी खुर्ची गेलेला माणूस दिसतो. इटालियन माणसाच्या तोंडात तर खिडकीसाठी ‘फिनेस्त्रा’च असतो, त्यामुळे शब्द उघडून दाखवावा लागत नाही. इंग्रजी वाचकाला मात्र तो अजून बिचकवतो. म्हणून इंग्रजीत लिहिताना एका लेखात एकदाच वापरावा, दुसऱ्यांदा तो मिरवल्यासारखा वाटतो.

आणि जिथे खरोखर माणूस इमारतीवरून पडून गेला आहे, तिथे हा शब्द वापरू नये असं माझं ठाम मत आहे. अशी बातमी आली की समाजमाध्यमांवर लगेच कुणीतरी हे क्रियापद काढतं. चारशे वर्षांपूर्वीच्या स्लावाताबद्दल हसायला हरकत नाही, तो जगला. पण काल गेलेल्या माणसाच्या मागे त्याची माणसं आहेत, आणि या शब्दाला इंग्रजीत आता हसण्याचा सूर चिकटला आहे. शिवाय वर म्हटलं तसं, तो वापरणं म्हणजे खुनाचा आरोप करणं. माणसाने स्वतः उडी घेतली असेल तर नुसतं ‘डिफेनेस्ट्रेट’ चालत नाही. इंग्रजीत त्याला आधी ‘ऑटो’ किंवा ‘सेल्फ’ जोडतात, पण तिथेही साधी भाषाच बरी.

व्याकरणाने हे सकर्मक क्रियापद आहे, कर्म हवंच. ‘ही डिफेनेस्ट्रेटेड’ एवढ्यावर वाक्य थांबत नाही, कुणाला किंवा काय ते सांगावं लागतं. ‘आउट ऑफ द विंडो’ मात्र पुढे जोडू नये, खिडकी शब्दातच आहे. खिडकी उंचावर असली पाहिजे असं नाही, तळमजल्याची चालते. काच फुटली पाहिजे असंही नाही. आणि ‘फेनेस्ट्रेट’ हा त्याचा उलटा शब्द नाही. तो वेगळा आहे. त्याचा अर्थ खिडक्या किंवा भोकं पाडणं, खिडकीतून आत घेणं नव्हे.

मराठीत आणायचा झाला तर शब्दशः अर्थाला ‘खिडकीतून खाली फेकणं’ किंवा ‘भिरकावणं’ पुरेसं आहे, नवा शब्द घडवायची गरज नाही. लाक्षणिक अर्थाला मात्र आपल्याकडे तयार शब्द आहे: उचलबांगडी. माणसाला हातपाय धरून उचलून नेणं हा त्याचा मूळ अर्थ, आणि वर्तमानपत्रात तो पदावरून काढण्यासाठी किंवा तडकाफडकी बदलीसाठी येतो. शरीरावरच्या जबरदस्तीकडून खुर्चीवरच्या जबरदस्तीकडे, अगदी ‘डिफेनेस्ट्रेट’नेच केलेला प्रवास. ‘गच्छंती’त काढणारे दिसत नाहीत. ‘हकालपट्टी’त दिसतात, पण ती पक्षातल्या साध्या सदस्याचीही होते, तिच्यात उंची नाही. ‘पायउतार होणे’ तर बरोबर उलट टोकाचं, कारण तिथे माणूस निदान आपल्या पायांनी खाली येतो. भाषांतर करताना बातमी नीट वाचावी. नेत्याने राजीनामा दिला की त्याच्याकडून तो लिहून घेतला, हे कळल्यावर पायउतार लिहायचं की उचलबांगडी ते ठरवता येतं.